घाट चढताना गाडीचा दम का तुटतो? निदान आणि दुरुस्ती

कोल्हापूरहून कोकणात उतरताना गाडीतील खोट सहसा उघडी पडत नाही. आंबा घाट, करूळ घाट, फोंडा घाट हे सगळे जाताना उतरायचे असतात. ते चढण्याची वेळ येते ती परतीच्या वाटेवर, आणि तोवर गाडीत पाच माणसे, डिकीत आंब्याच्या पेट्या आणि पायांशी ओल्या काजूंच्या पिशव्या असा संसार भरलेला असतो. साखरपा मागे टाकून पहिली वळणे घेताच तिसऱ्या गिअरमधली गाडी दुसऱ्यावर येते, दुसऱ्यातही कण्हू लागते, आणि मग ‘जाताना तर मस्त पळत होती’ हे वाक्य कोणीतरी म्हणतेच. पन्हाळा आणि जोतिबा यांचे उलट आहे. तिथे जातानाच चढ लागतो, आणि म्हणूनच घराजवळ गाडी तपासायला ते दोन रस्ते सर्वांत सोयीचे आहेत.

सपाट रस्त्यावर ठणठणीत वाटणारी गाडी चढावरच का कोलमडते, हे आधी आकड्यांत पाहावे. माणसे आणि सामान धरून १५०० किलो वजनाची गाडी सपाट रस्त्यावर ताशी ४० किलोमीटर वेगाने चालवायला चाकांपाशी जेमतेम साडेतीन अश्वशक्ती पुरते. तीच गाडी त्याच वेगाने दर १०० मीटरला ८ मीटर उंची गाठणाऱ्या चढावर न्यायची तर सुमारे २१ अश्वशक्ती, म्हणजे सहापट जोर लागतो. याचा अर्थ असा की एक तृतीयांश ताकद गमावलेले इंजिन शहरात वर्षभर कोणाच्याही लक्षात न येता चालू शकते. घाट गाडी बिघडवत नाही; आधीच झालेला बिघाड तो दाखवतो. त्यामुळे दुरुस्तीनंतर दाभोळकर कॉर्नरपर्यंत एक फेरी मारून ‘आता झाली बघा ओके’ असे म्हणण्याला काही अर्थ नसतो.

उंचीमुळे हवा विरळ होते म्हणून गाडी ओढत नाही, असे एक स्पष्टीकरण हमखास ऐकू येते. हवेची घनता दर १०० मीटर उंचीला साधारण एका टक्क्याने घटते, आणि पन्हाळा कोल्हापूरपेक्षा साधारण ४०० मीटरच उंच आहे. चार टक्के फरक पायाला जाणवतही नाही. हे कारण लडाखला जाणाऱ्यांसाठी राखून ठेवावे.

आधी गाडी की आपण, हे ठरवावे

टर्बो नसलेल्या बहुतेक लहान पेट्रोल इंजिनांचा कमाल टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, मिनिटाला ३५०० ते ४४०० फेऱ्यांच्या आसपास मिळतो, तर टर्बो डिझेलचा १७५० ते २५०० च्या दरम्यान. डिझेल जीप चालवून तयार झालेला हात पेट्रोल गाडीवर बसला की तो पंधराशे फेऱ्यांवरच तिसरा, चौथा टाकतो आणि इंजिन घरघरत असताना अ‍ॅक्सिलरेटर तळाला लावून ठेवतो. इंजिनाचा आवाज वाढला की पेट्रोल जास्त जळते, ही समजूत त्यामागे असते. चढावर गिअर वेळेत, म्हणजे वेग पडण्याआधी, खाली आणावा आणि फेऱ्यांचा काटा ३००० च्या वर राहू द्यावा. एवढ्यानेच गाडी सरळ झाली तर पुढचे काही वाचण्याची गरज नाही. शिवाय एसी बंद करून पाहावा, कारण लहान गाडीत कॉम्प्रेसर तीन-चार अश्वशक्ती सहज खातो. चारही टायरमधली हवा थंड असताना तपासावी. एक तपासणी हास्यास्पद वाटेल पण करावी: इंजिन बंद असताना पेडल पूर्ण दाबून ते खाली गालिच्याला अडकत नाही ना, हे पाहावे. मूळ मॅटवर दुसरी जाड मॅट टाकलेल्या गाड्यांमध्ये थ्रॉटल कधीच पूर्ण उघडत नाही.

यानंतर एक ठरावीक चढ निवडावा. वाघबीळहून पन्हाळ्याकडे वळल्यावरचा रस्ता मला योग्य वाटतो. पहाटे, रहदारी नसताना, तेवढ्याच माणसांनिशी, त्याच गिअरमध्ये, त्याच खुणेपासून निघून पुढच्या खुणेपर्यंत वेग किती उरतो ते शेजारी बसलेल्याने लिहून घ्यावे. ‘पिकअप कमी वाटतो’ हे वाक्य मिस्त्रीला फारसे काही सांगत नाही, पण ‘तिसऱ्यात पूर्ण रेस दिली तरी ४५ वरून ३० वर येते आणि काटा २२०० च्या वर जात नाही’ या वाक्यात निम्मे निदान असते.

काटा चढतो का?

सगळ्या तपासणीतला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे. अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनाच्या फेऱ्या वाढतात पण वेग वाढत नाही, की फेऱ्याच वाढत नाहीत? पहिल्या स्थितीत इंजिन निरोगी असून त्याची ताकद चाकांपर्यंत पोहोचत नसते, म्हणजे क्लच प्लेट घसरत असते. खात्री करायची तर सपाट, मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये ताशी ४० च्या वेगाने जाताना एकदम पूर्ण रेस द्यावी. काटा उडी मारून वर गेला आणि वेगाचा काटा मागे रेंगाळला, तर प्लेट संपली आहे. जळक्या ब्रेक लायनरसारखा उग्र वास त्याला दुजोरा देतो. मात्र प्लेट बदलण्याआधी पेडलचे फ्री प्ले, म्हणजे क्लच धरण्याआधी पेडल किती मोकळे हलते ते, तपासावे. केबल फार ताणलेली असेल तर चांगली प्लेटही घसरते आणि तो दोष पाच मिनिटांत दूर होतो. प्लेट बदलायचीच असेल तर प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंगही त्याच वेळी बदलावे, कारण गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी दुसऱ्यांदा देणे कोणालाच परवडत नाही.

फेऱ्याच वाढत नसतील तर इंजिन दुबळे झाले आहे किंवा त्याला कोणीतरी मागून धरून ठेवले आहे. मागून धरणारा म्हणजे ब्रेक, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यानंतर ही शक्यता मोठी असते. कॅलिपरच्या पिना चिखलाने आणि गंजाने जाम होतात, हँडब्रेकची केबल आतल्या आत आखडते आणि लायनर ड्रमला घासत राहतात. आठ-दहा किलोमीटर शक्यतो ब्रेक न वापरता चालवून गाडी थांबवावी आणि हाताची पाठ प्रत्येक चाकाच्या रिमजवळ न्यावी. डिस्कला हात लावू नये, भाजतो. तीन चाके कोमट आणि एक तापलेले असेल तर दोष तिथेच आहे. पिना साफ करून त्यांना ब्रेकसाठीचेच ग्रीस लावणे आणि रबरी बूट फाटले असल्यास बदलणे, इतकेच हे काम असते.

आता इंजिनाकडे: हवा

ब्रेक आणि क्लच निर्दोष निघाले की उरतात त्या चार गोष्टी: हवा आत येणे, इंधन पुरेसे मिळणे, ते वेळेवर पेटणे आणि धूर बाहेर जाणे. मी नेहमी हवेपासून सुरुवात करतो, कारण तिला पैसे लागत नाहीत.

एअर फिल्टरच्या डब्याच्या क्लिपा काढून फिल्टर उजेडासमोर धरावा. कागदाच्या घड्यांमधून उजेड झिरपत नसेल तर तो बदलावा. गळिताच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागून रोज जाणाऱ्या किंवा वीटभट्ट्यांच्या रस्त्याने ये-जा करणाऱ्या गाडीचा फिल्टर कंपनीने सांगितलेल्या मुदतीच्या निम्म्यातच भरतो. कॉम्प्रेसरची हवा मारायची असेल तर ती आतून बाहेर आणि लांबून मारावी; जवळून मारलेला झोत कागदाला न दिसणारी भोके पाडतो. कागदी फिल्टर पाण्याने धुऊ नये. डब्याच्या तोंडाशी उंदराने कापूस, कागद किंवा पाला भरलेला नाही ना, हेही पाहावे. शेतातल्या घराशी उभ्या असणाऱ्या गाड्यांत हे वारंवार घडते.

फिल्टरनंतरची रबरी नळी हा माझा स्वतःचा धडा आहे. आंबा घाटात दम तोडणारी माझी गाडी एका गॅरेजमध्ये गेली, तिथे इंधन फवारणारे नोजल साफ झाले, फिल्टर बदलले, साडेसात हजार रुपये गेले आणि गाडी होती तशीच राहिली. नळीला खालच्या बाजूने चीर गेली होती. गाडी उभी असताना ती चीर मिटलेली असे. चढावर जोर लागला की इंजिन आपल्या माउंटिंगवर एका बाजूला कलत असे, नळी ताणली जाई आणि चीर उघडत असे. म्हणून नळी नुसती पाहून भागत नाही. ती हाताने वाकवून, पिळून, घड्यांच्या आत नखाने चाचपून पाहावी, आणि इंजिन माउंटिंगचे रबर बसलेले असेल तर तेही बदलावे.

मास एअर फ्लो सेन्सर असलेल्या गाडीत त्याच्या बारीक तारेवर धूळ बसली की आत आलेली हवा प्रत्यक्षापेक्षा कमी मोजली जाते आणि संगणक इंधनही कमी सोडतो. तो त्याच कामासाठी मिळणाऱ्या स्प्रेने धुवावा, कापडाने पुसू नये. अनेक लहान गाड्यांत हा सेन्सर नसतो, त्याऐवजी मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा मॅप सेन्सर असतो. तिथे त्याची छोटी नळी किंवा छिद्र काजळीने बुजले आहे का, ते पाहावे.

इंधन आणि ठिणगी

डिझेल गाडीत चढावरचा पहिला संशयित डिझेल फिल्टर असतो. तो अर्धा बुजलेला असला तरी सपाटीला पुरेल एवढे डिझेल सोडतो आणि पूर्ण मागणी आली की उपाशी ठेवतो. फिल्टरखालचा स्क्रू सैल करून साठलेले पाणी काढावे. पाणी वारंवार निघत असेल तर टाकीच साफ करून घ्यावी. नवीन फिल्टर बसवल्यावर हातपंपाने हवा काढायला विसरू नये, नाहीतर गाडी ‘एअर घेते’ आणि नवीच तक्रार सुरू होते.

पेट्रोल गाडीत टाकीतल्या पंपाची जाळी बुजणे किंवा पंप थकणे हा याच जातीचा दोष आहे. साध्या पोर्ट इंजेक्शनच्या गाड्यांत रेलमधला, म्हणजे नोजलांना इंधन पुरवणाऱ्या नळीतला, दाब साधारण ३ ते ४ बार असतो. तो मोजायचा तर गाडी उभी असताना नव्हे, गेज जोडून पूर्ण रेसवर मोजला पाहिजे, कारण थकलेला पंप निवांत असताना दाब बरोबर दाखवतो. हे काम पेट्रोलच्या वाफांमध्ये चालते, त्यामुळे ते घरी करू नये.

उसाच्या जिल्ह्यात राहून इथेनॉलविषयी बोलल्याशिवाय राहवत नाही. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश एवढीच ऊर्जा असते. त्यामुळे २० टक्के मिश्रणाच्या लिटरमागे ऊर्जा शुद्ध पेट्रोलपेक्षा सहा-सात टक्क्यांनी घटते. मायलेजमध्ये हे दिसते. पण घाटात गाडी दुसऱ्या गिअरवर आणणारा दोष एवढ्याने होत नाही, आणि पंपावर खापर फोडून मोकळे झाल्यास खरा दोष तसाच राहतो. जुन्या गाड्यांचे रबरी भाग आणि महिनोन्महिने उभ्या गाडीच्या टाकीत शोषले गेलेले पाणी, या दोन गोष्टींकडे मात्र इथेनॉलमुळे लक्ष द्यावे लागते.

सीएनजीच्या गाडीवाल्यांना निसर्गतःच एक सोय मिळालेली आहे. गॅसवर ताकद साधारण दहा टक्के कमी असते, हे गृहीत धरून तोच चढ एकदा गॅसवर आणि एकदा पेट्रोलवर चढावा. पेट्रोलवर गाडी झकास चढली तर दोष गॅसच्या फिल्टरमध्ये किंवा रेग्युलेटरमध्ये आहे. दोन्हींवर सारखीच कण्हत असेल तर हवा, ठिणगी, सायलेन्सर किंवा कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) यांपैकी काहीतरी आहे. दहा मिनिटांत निम्म्या शक्यता बाद होतात.

ठिणगीचा दोष चढावरच का दिसतो, त्याचे कारण समजण्यासारखे आहे. जोर लागताना सिलिंडरमध्ये हवा-इंधनाचे मिश्रण अधिक भरते, त्यावरचा दाब वाढतो आणि दाबाखालच्या मिश्रणातून ठिणगी उडवायला जास्त व्होल्टेज लागते. झिजलेला, गॅप वाढलेला प्लग किंवा त्याला व्होल्टेज पुरवणारी अशक्त कॉइल आयडलिंगला, म्हणजे रेस न देता इंजिन चालू असताना, व्यवस्थित असते आणि चढावर मात्र ठिणगी चुकवते. गाडी धक्के देते, ज्याला आपण ‘मिसिंग’ म्हणतो. साधे प्लग ३० ते ४० हजार किलोमीटरला बदलावेत. इरिडियमचे प्लग लाखाच्या आसपास जातात. काढलेला प्लग फेकू नये, तो वाचावा. फिकट तपकिरी टोक चांगले; कोरडी काळी काजळी म्हणजे इंधन जास्त किंवा हवा कमी; तेलकट काळे टोक म्हणजे रिंगा किंवा व्हॉल्व्ह सील गेले; पांढरे, फोड आलेले टोक म्हणजे इंधन कमी पडून सिलिंडर तापतो आहे.

कोणती कॉइल खराब आहे, हे नवी विकत न घेता कळते. चेक इंजिनचा दिवा लागलेला असून गाडीच्या संगणकातले दोषांचे कोड वाचणाऱ्या स्कॅनरवर पी०३०२ हा कोड असेल, तर दुसरा सिलिंडर ठिणगी चुकवत आहे. दुसऱ्याची कॉइल तिसऱ्यावर आणि तिसऱ्याची दुसऱ्यावर लावावी, कोड पुसून पुन्हा चढावर जावे. कोड पी०३०३ झाला तर दोष कॉइलबरोबर हलला, म्हणजे कॉइल गेली. पी०३०२ च राहिला तर प्लग, नोजल किंवा कॉम्प्रेशन पाहावे. हा दिवा लुकलुकत असेल तर मात्र प्रयोग थांबवावा. न जळलेले पेट्रोल धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते आणि काही हजारांचा दोष महाग होतो.

स्वतःचा ब्लूटूथ स्कॅनर घेणे मला पहिल्याच दुरुस्तीत वसूल होणारा खर्च वाटतो. कोडपेक्षा त्यातला फ्युएल ट्रिम, म्हणजे संगणक इंधन ठरल्यापेक्षा किती टक्के वाढवतो किंवा घटवतो, हा आकडा अधिक बोलका असतो. आयडलिंगला तो अधिक दहाच्या वर आणि फेऱ्या वाढवल्यावर शून्याकडे येत असेल, तर कुठेतरी नळीतून चोरटी हवा आत शिरते आहे. आयडलिंगला ठीक आणि चढावर वाढत जात असेल, तर इंधनाचा पुरवठा कमी पडतो आहे किंवा हवेचा सेन्सर खोटे सांगतो आहे.

धूर बाहेर जाण्याची वाट

बुजलेला कन्व्हर्टर असलेली गाडी सुरुवातीला बरी चालते आणि जसजशी रेस वाढवावी तसतशी गुदमरते. वरचा ऑक्सिजन सेन्सर काढून त्या जागी दाबमापक लावावा. २५०० फेऱ्यांवर दाब ३ पीएसआयच्या वर जात असेल तर वाट बंद होत आली आहे. मात्र कन्व्हर्टर आपणहून क्वचितच मरतो; मिसिंग किंवा तेल जळणे हे मूळ दुखणे बरे न करता नवा बसवला, तर तोही त्याच वाटेने जातो. आतली जाळी फोडून नुसते डबडे परत बसवून देण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नये. पीयूसीचा प्रश्न राहतोच, शिवाय ते बेकायदेशीर आहे.

एप्रिल २०२० पासूनच्या बीएस६ डिझेल गाड्यांत डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, हा आणखी एक अडसर आहे. त्यात साठलेली काजळी जाळायला गाडी सलग पंधरा-वीस मिनिटे बऱ्या वेगाने चालावी लागते. रंकाळा ते राजारामपुरी एवढीच रोजची धाव असलेल्या गाडीला ती संधी मिळत नाही, काजळी भरते आणि संगणक ताकद कापून गाडी ‘लिम्प मोड’मध्ये टाकतो. नुसता डीपीएफचा दिवा लागला असेल तर महामार्गावर कागल-निपाणीकडे एकसारख्या वेगाने एक फेरी मारली की बहुतेक वेळा तो विझतो.

टर्बो असलेल्या गाडीत फुस्स असा आवाज, काळा धूर आणि ताकदीची अचानक घट हे तिन्ही एकत्र आले, तर इंटरकूलरची (टर्बोतून येणारी हवा थंड करणाऱ्या भागाची) नळी सुटली किंवा फाटली आहे. जोडाभोवती तेलाचा ओला डाग शोधावा. टर्बोचा दाब कमी पडल्याचे सांगणारा पी०२९९ हा कोड आला म्हणून लगेच टर्बो बदलायला निघू नये. आधी नळ्या, मग व्हॅक्यूमची बारीक नळी, मग अ‍ॅक्च्युएटरचा अडकलेला दांडा आणि सर्वांत शेवटी टर्बो.

हे सगळे निर्दोष निघाले तरच कॉम्प्रेशन मोजावे. पेट्रोल इंजिनात साधारण १० ते १३ बार, डिझेलमध्ये २० ते ३० बार मिळायला हवे, पण आकड्यापेक्षा सिलिंडर-सिलिंडरमधली तफावत महत्त्वाची; ती १० ते १५ टक्क्यांच्या आत असावी. पेट्रोल इंजिनाच्या एखाद्या सिलिंडरचा दाब कमी आला तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजावे. दाब वाढला तर रिंगा झिजल्या, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. या टप्प्यावर काम घरचे राहत नाही. शिवाजी उद्यमनगरात इंजिनाच्या कामाला मुरलेले हात आहेत, आणि लिहून ठेवलेले आकडे त्यांच्यापुढे ठेवले तर ते इंजिन उगाच उघडणार नाहीत.

गाडी घाटातच बसली तर वळणावर थांबू नये. रुंद जागा गाठून चारही इंडिकेटर लावावेत, पहिल्या गिअरमध्ये ठेवून मागच्या चाकाला दगड लावावा आणि निघताना तो दगड रस्त्यातून उचलून कडेला टाकावा. तापमानाचा काटा वर गेला असेल तर बॉनेट उघडावे, पण रेडिएटरचे झाकण अर्धा-पाऊण तास तरी उघडू नये.

दुरुस्ती करताना एका वेळी एकच भाग बदलावा आणि दर वेळी पुन्हा वाघबीळ गाठावे. तीच खूण, तोच गिअर, तेवढीच माणसे आणि तोच शेजारी लिहायला. ४५ वरून निघालेली गाडी वरच्या खुणेपाशी ३० ऐवजी ४२ दाखवू लागली की मिस्त्रीचे पैसे द्यावेत.